‘अंगात धातू साचलेत’ म्हणतात, खरं काय? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रंगातल्या शिशाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज यांचा नुसता ढीग पडलाय. बेळगाव, निपाणी, अथणी, खानापूर, चिकोडी, सगळीकडून काळजी एकच, की हे जड धातू अंगात जाऊन शुगर, बीपी, किडनी, हार्ट असले कायमचे आजार होतात काय. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून काही निवडून घेतलेत, नाव कुणाचंच छापलेलं नाही. जड धातू म्हणताना मी मुख्यतः चारच धरतोय, शिसं, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक. आर्सेनिक शास्त्राच्या हिशोबानं पक्का धातू नव्हे, पण विषाच्या पंगतीत त्याचं पान ह्यांच्याच शेजारी मांडतात.

डॉक्टर नमस्कार. आमच्या मिस्टरांचं वय ५४, शुगर होऊन आठ वर्षं झाली, बीपीची पण गोळी चालू आहे. मध्यंतरी इथं एका मंगल कार्यालयात फ्री कॅम्प लागला होता, तिथं ह्यांचे थोडे केस कापून घेतले आणि आठवड्यानं रंगीत रिपोर्ट दिला, त्यात शिसं, पारा, ॲल्युमिनियम, कॅडमियम सगळंच लाल पट्टीत. शुगर ह्या धातूंमुळंच झालीय म्हणाले, २० सलाईन घ्या, धातू बाहेर पडले की गोळ्या बंद. पॅकेज ६० हजार. हे तर तयारच झालेत, गोळ्या आत्तापासूनच अर्ध्या केल्यात. बिडी काही सुटेना, म्हटलं निदान हे तरी करूया. पैसे भरू की नको, खरं सांगा की. – एक भगिनी, निपाणी

भरू नका. आणि अक्का, गोळ्या आधी पहिल्यासारख्या सुरू करायला सांगा, आजच, बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

आता केसांचं. केसात जे सापडतं ते अंगातूनच आलेलं असतं असं नाही, मेंदी, डाय, शाम्पू, बोअरचं पाणी, रस्त्यावरची धूळ सगळं केसाला धरतं आणि धुतलं तरी पूर्ण जात नाही. अमेरिकेत एकाच निरोगी माणसाचे केस सहा वेगवेगळ्या लॅबना पाठवून बघितले होते, २००१ साली ते छापून आलं, तर सहाजणांचे आकडे एकमेकांना जुळेनात, नॉर्मल कशाला म्हणायचं इथूनच मतभेद. केसांची तपासणी अगदीच टाकाऊ आहे असं नाही, भरपूर मासे खाणाऱ्यांच्या अंगातला पारा बघायला संशोधक ती वापरतात, पण मंगल कार्यालयात बसून केसावरून शुगरचं मूळ सांगणं म्हणजे जरा अतीच झालं. असल्या ठिकाणी दुसरा एक डाव पण असतो तो सांगून ठेवतो. आधी धातू ओढून काढणारं औषध देतात आणि मग लघवी तपासतात. औषधच धातू बाहेर ढकलणारं, मग कुणाच्याही लघवीत आकडा वाढणारच, तुमच्या, माझ्या, कॅम्पवाल्याच्या सुद्धा! आणि तो आकडा ताडून बघतात औषध न घेतलेल्या माणसाच्या नॉर्मलशी.

पण म्हणून सगळंच थोतांड समजून सोडून देऊ नका, कारण मूळ गोष्ट खरी आहे आणि असली मंडळी जगतात ती त्या खऱ्या गोष्टीच्या जोरावरच. शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक हे हृदयविकाराचा धोका वाढवतात असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२३ मध्ये अधिकृतपणे मांडलंय. त्याआधी २०१८ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३७ अभ्यास एकत्र करून, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख माणसांचा हिशोब, तोच कल दिसला होता, पाऱ्याचा मात्र हृदयाशी तसा संबंध त्यात दिसला नाही. शिशामुळं रक्तवाहिन्या कडक होतात, बीपी चढतं. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी तर २०१९ ह्या एका वर्षात जगात ५५ लाखांच्या आसपास माणसं शिशानं वाढवलेल्या हृदयविकारानं गेली असा अंदाज काढलाय. अंदाजच आहे तो, लोक त्यावर वाद घालतात, पण निम्मा धरला तरी कमी नाही. शुगरचं म्हणाल तर त्यातल्या त्यात पक्का संबंध आर्सेनिकचा, तो पण बांगलादेश, तैवानसारख्या ठिकाणी जिथं लोक वर्षानुवर्षं आर्सेनिकचं पाणी प्यायले तिथला. तुमच्या मिस्टरांना शुगर आली ती वडिलांकडून आली, पोटाच्या घेरातून आली की आणखी कशातून हे मी इथं बसून सांगू शकत नाही, पण निपाणीत शुगर असलेल्या शंभर माणसांत धातू हे मुख्य कारण असलेला एखादा सापडला तरी मला नवल वाटेल.

सलाईनमधून देतात ते औषध बहुतेक ईडीटीए. हे रसायन शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर नेतं, ह्यालाच कीलेशन म्हणतात, आणि ह्यात खोटं काही नाही. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १७०८ पेशंटांवर त्याची मोठी चाचणी झाली, २०१३ ला रिझल्ट आला आणि थोडासा फायदा दिसला, शुगर असलेल्यांत जरा जास्तच दिसला. कीलेशनवाले आजही तोच कागद नाचवतात. खरी गंमत पुढं आहे. शास्त्रज्ञांनी मग मुद्दाम शुगर असलेलेच हार्टचे पेशंट घेऊन चाचणी परत केली, २०२४ ला निकाल आला, रक्तातलं शिसं ६० टक्क्यांच्या वर उतरलं आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू ह्यात काहीसुद्धा फरक पडला नाही. शिसं गेलं, आजार होता तिथंच! कारण नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं, आणि शरीरातलं बहुतेक शिसं रक्तात नसतंच, ते हाडात बसलेलं असतं आणि तिथून हळूहळू येत राहतं. वर धोका वेगळाच. ईडीटीएचे दोन प्रकार आहेत, एकात कॅल्शियम असतं, दुसऱ्यात नसतं, नुसतं सोडियम असतं. हा दुसरा प्रकार रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेतो, अमेरिकेत त्यानं २००३ ते २००५ च्या दरम्यान माणसं दगावलीत, त्यात लहान मुलं पण होती. मंगल कार्यालयातल्या बाटलीत कुठला आहे हे कुणाला विचारणार?

आता तुम्ही जे जाता जाता लिहून मोकळ्या झालात त्यावर येतो. बिडी. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं, ही त्या झाडाची खोडच आहे, निपाणीची तंबाखू काय आणि गुंटूरची काय. पान जळलं की कॅडमियम धुरातून फुफ्फुसात जातं आणि पोटापेक्षा फुफ्फुसातून ते कितीतरी जास्त शोषलं जातं. ओढणाऱ्याच्या रक्तातलं कॅडमियम न ओढणाऱ्याच्या कित्येक पट असतं. तिथून ते किडनीत जाऊन बसतं आणि निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं घेतं. शुगरनं किडनीवर आधीच ताण, त्यात हे. आणि एकदा साचलेलं कॅडमियम काढायला खात्रीचं औषध नाही, ६० हजारात नाही आणि सहा लाखात नाही. म्हणजे एका हाताला धातू काढायचं सलाईन आणि दुसऱ्या हातात पेटलेली बिडी, असा तो कार्यक्रम होणार! ते पैसे ठेवा बाजूला. तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर असतो, बिडी-सिगारेट सोडवायला मदत करणारी सरकारी लाईन आहे, फुकट आहे, ह्यांना स्वतः लावू दे. निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगम मिळतात, डॉक्टरला विचारून घ्या.

आणि खरंच कधी शंका आली तर टेस्ट अशी असते. शिशासाठी शिरेतून काढलेलं रक्त, कॅडमियमसाठी लघवी किंवा रक्त, आर्सेनिकसाठी लघवी. आर्सेनिकच्या टेस्टआधी चार दिवस कारवार-गोव्याचे मासे बंद ठेवा, कारण समुद्राच्या मासळीत एक निरुपद्रवी जातीचं आर्सेनिक असतं आणि त्यानं आकडा उगाच फुगतो, मग रविवारची बांगड्याची आमटी निमित्त आणि घरभर घबराट.

माझे पती बॅटरी रिपेरीच्या दुकानात कामाला आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटी काढायच्या, शिसं वितळवून परत ओतायचं हे तिथं शेडमध्येच चालतं. घरी आले की त्याच कपड्यावर पोराला उचलून घेतात. पोरगा साडेतीन वर्षांचा, सारखं पोट दुखतंय म्हणतो, भिंतीचे पोपडे आणि खडू खातो, हिमोग्लोबिन ८ आलंय. मला पाचवा महिना चालू आहे. भीती वाटते. – मच्छे

खरं म्हणजे अंकात सगळ्यात वर हेच उत्तर पाहिजे होतं. तुमच्या घरात धातू कुठून येतोय, कुणाच्या अंगात जातोय हे सगळं समोर दिसतंय, इथं रंगीत रिपोर्टची गरज नाही. तुम्ही, पती आणि पोरगा, तिघांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. पोराची टेस्ट तर ह्याच आठवड्यात. मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटरं बेळगावात आहेत, सॅम्पल बाहेर पाठवतात, फक्त ‘ब्लड लेड’ असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या आणि बोट टोचून नको, शिरेतून रक्त द्या, कारण बोटावरची धूळच आकड्यात येते.

पोराची इतकी घाई का, तर मोठ्या माणसाच्या मानानं लहान पोराच्या पोटातून शिसं चार-पाच पट जास्त शोषलं जातं, आणि मेंदू तर वाढीला लागलेला. शरीराला शिसं आणि कॅल्शियम ह्यातला फरक नीट कळत नाही, कॅल्शियमच्या जागी शिशाला आत घेतं. लोह कमी असलं की आतडं धातू आणखीच आधाशासारखं ओढतं, आणि शिशामुळं हिमोग्लोबिन तयार व्हायला अडतं, म्हणजे दोन्हीकडून मार. माती-पोपडे खाण्याची सवय लोह कमी असल्यानं लागलेली असू शकते आणि त्याच सवयीतून शिसं पोटात जातंय. तुमचं म्हणाल तर गरोदरपणात आईच्या हाडातलं कॅल्शियम बाळासाठी सुटतं, त्याच्याबरोबर हाडात पूर्वी कधी साठलेलं शिसं पण सुटतं आणि वारेतून बाळाकडं जातं. घाबरवायला लिहीत नाही, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या अजिबात चुकवू नका, नाचणी, दूध, तीळ, पालेभाजीवर लिंबू, हे तिथं खरंच उपयोगी पडतं म्हणून लिहितोय.

रिपोर्ट आला की आकडा कसा बघायचा. शिशाला सुरक्षित अशी पातळीच नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. अमेरिकेत लहान मुलांत ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की घरात शिसं कुठून येतंय ते शोधायला लागतात. ४५ आणि वर असेल तर दवाखान्यात ठेवून औषध देतात, ती पण कीलेशनच बरं का, वरच्या उत्तरात जिला एवढी नावं ठेवली तीच. फरक एवढाच की इथं विष ठरलेलं आहे, आकडा हातात आहे आणि डॉक्टर शेजारी उभा आहे. पण पोरगं दवाखान्यातून परत त्याच धुळीच्या घरात आलं तर काय उपयोग, म्हणून आधी धूळ थांबवायची. दुकानातले कपडे दुकानातच बदलायचे, चप्पल सुद्धा. आंघोळ तिथं होत नसेल तर घरी आल्या आल्या, पोराला हात लावायच्या आत, हाताबरोबर मिशा-केस पण साबणानं धुवायचे. ते कपडे वेगळ्या बादलीत, घरच्यांच्या कपड्यात मिसळायचे नाहीत, आणि तुम्ही झटकायचे तर अजिबात नाहीत. घर झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. डबा खाताना शेडमध्ये बसायचं नाही, तिथं तंबाखू मळायची नाही.

पतींना काम सोडा असं सांगणं सोपं आहे पण चूल कशी पेटणार ते मला पण कळतंय. कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात शिशाची विषबाधा ही सरकारला कळवायलाच पाहिजे अशा आजारांच्या यादीत आहे, ईएसआय कापत असतील तर त्यात पण हा कामातून झालेला आजार म्हणून धरला जातो. दुकान लहान असेल, हजेरीपटच नसेल तर मात्र ह्या कायद्याचा हात तिथवर पोचणं अवघड असतं. निदान ओतकामाच्या जागी हवा खेळती करा, शिसं गरजेपेक्षा जास्त तापवू नका एवढं मालकाच्या कानावर घालता येईल, धूर त्याच्या पण नाकात जातोच की.

उद्यमबागेत फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला, २२ वर्षं काढली. आता जिना चढला की दम लागतो. लोखंड छातीत बसलं असं सगळे म्हणतात, काढता येतं काय? – अनगोळ

दादा, लोखंडावर राग धरू नका, संशय वाळूवर घ्या. लोखंडाची धूळ फुफ्फुसात बसते, एक्स-रेत दिसते पण, तरी एकटीनं ती फार नुकसान करत नाही. साच्याची वाळू कास्टिंगला चिकटलेली असते, ग्राइंडरनं उडते तेव्हा तिचा सिलिका पिठाहून बारीक होऊन आत खोल जातो आणि फुफ्फुसाला चट्टे पाडतो, त्याला सिलिकोसिस म्हणतात. हा धातू नव्हे, पण आजार कायमचाच, आणि तो असला की टीबी पण लवकर धरतो. छातीचा एक्स-रे आणि फुंकायची टेस्ट करून घ्या आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की २२ वर्षं फेटलिंग केलंय, नाही सांगितलं तर नुसते डाग बघून थेट टीबीचं औषध सुरू होतं असं मी बऱ्याचदा बघितलंय. बसलेली वाळू काढता येत नाही, पुढची थांबवता येते. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही हे पण सांगून ठेवतो.

आमच्या गावात अलीकडं बरेचजण डायलिसिसला जाऊ लागलेत, तरणी माणसं पण आहेत. सगळे बोअरचं पाणी पितात, उसाला खतं-औषधं भरपूर. आरओ विकणारा आला, पाण्यात मीटर बुडवला, ९०० दाखवला आणि पाण्यात जड धातू आहेत म्हणून सांगून गेला. निम्म्या गावानं मशीन बुक केलं. – अथणी तालुका

त्या मीटरला शिसं दिसत नाही, आर्सेनिक दिसत नाही, कॅडमियम तर त्याच्या बापाला दिसणार नाही. तो पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजतो, म्हणजे बहुतेक आपला चुना, मीठ, मॅग्नेशियम. ९०० म्हणजे पाणी मचूळ आहे, चहाला चव नाही, डाळ शिजायला वेळ, एवढं नक्की. आपल्या देशाच्या मानकात शिसं आणि आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१ अशी मर्यादा आहे. हे आकडे इतके बारीक आहेत की दहापट जास्त शिसं असलं तरी मीटरचा काटा हलणार नाही, आणि उलट मीटर ७० दाखवत असला म्हणून आर्सेनिक नाही असं पण नाही.

तपासायचंच असेल तर गावानं मिळून दोन-तीन बोअरचं पाणी लॅबला द्या आणि धातूंची नावं घेऊन टेस्ट मागा, नुसतं ‘पाणी तपासा’ म्हटलं तर पीएच, क्षार, नायट्रेट, फ्लोराईड एवढंच होतं. ग्रामपंचायतीच्या तपासणी किटचं पण तेच. बाटली लॅबवाल्यांकडूनच घ्या, धातू बाटलीला धरू नये म्हणून त्यात थोडं ॲसिड घातलेलं असतं. पंचायतीकडं पाण्याचे जुने रिपोर्ट असतात, बहुतेक कन्नडमध्ये, वाचता येत नसतील तर शाळेतल्या कुठल्याही पोराकडून वाचून घ्या, भाषेचं भांडण पाण्यापुरतं बाजूला ठेवूया. आणि पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि ते दाटतात. आरओनं कमी होतात, म्हणजे मशीन वाईट नाही, विकायची रीत वाईट.

कर्नाटकात धातूचं पाणी कुठंच नाही असं समजू नका. यादगिरी जिल्ह्यात सुरपूर तालुक्यात किरदळ्ळी तांडा आहे, जुन्या सोन्याच्या खाणीच्या पट्ट्यातला, तिथं भूजलात आर्सेनिक सापडलं आणि लोकांच्या अंगावर त्याच्या खुणा दिसल्या. छाती-पाठीवर पाऊस शिंपडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय जाड होऊन त्यावर खडे. तुमच्या गावात असं कुणाला दिसतंय काय बघा. तिथल्या खडकातच आर्सेनिक होतं, अथणीचा खडक वेगळा, त्यामुळं एकाचं दुसऱ्याला लावता येत नाही, तपासल्याशिवाय.

आता किडनीचं. आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यात उड्डाणम म्हणून भाग आहे, श्रीलंकेत भातशेतीचा पट्टा आहे, मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर आहे, ह्या सगळीकडं शेतात राबणाऱ्या माणसांच्या किडन्या जातायत आणि शुगर-बीपी काही नाही. शास्त्रज्ञांनी कॅडमियम, आर्सेनिक, कीटकनाशकं सगळ्यांवर संशय घेतला, अजून गुन्हा कुणावरच पूर्ण शाबित नाही. स्फुरदाच्या खतात थोडं कॅडमियम असतं हे खरं आहे, खडकातूनच येतं. पण मध्य अमेरिकेत जे पुढं आलं ते तुम्हाला जवळचं वाटेल, कारण तिथं हे पेशंट बहुतेक ऊस तोडणारे. भर उन्हात तासन्‌तास तोड, पाणी कमी, घामानं अंग सुकलेलं, आणि हे रोज, हंगामभर. तिथं काही ठिकाणी सावली, विश्रांती आणि पाण्याची सोय केली तेव्हा किडनीचं नुकसान कमी झालेलं दिसलं. त्यात आपल्याकडं आणखी एक भर, अंग दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घ्यायची, वर इंजेक्शन टोचून घ्यायचं आणि परत फडात. सुकलेल्या किडनीला ती गोळी फार महागात पडते. म्हणून गावातल्या पेशंटांची यादी करताना धातूबरोबर हे पण लिहा, शुगर किती जणांना, बीपी किती जणांना, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं, फडात कोण जातं. ती यादी घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं गेलात तर ऐकून घेतील, ‘पाण्यात विष आहे’ एवढंच म्हणत गेलात तर कागद फायलीला लागेल.

नातू दर शनिवारी माझ्याबरोबर मारुतीला येतो, शेंदूर लावतो, बोटं चाटतो. सुनेनं कुठंतरी वाचलंय, शेंदरात शिसं असतं म्हणते. माझं ७० वय झालं, मला काही झालं नाही. – खानापूर

आजी, सून बरोबर सांगते. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच लाल ऑक्साईड, हल्ली बाजारात दुसऱ्या रंगाचा पण मिळतो पण पुडीकडं बघून ओळखू येत नाही. मारुतीला लावायला माझी काही हरकत नाही, तो सोसेल. नातवाला तेल-शेंदराच्या वाटीत बोट घालू देऊ नका, रुईची माळ घालायचं काम त्याला द्या. मूर्तीवरचं कवच सुटलं तर त्याचे तुकडे प्रसाद म्हणून घरी आणून ठेवू नका. बाजारच्या सुरम्याचं पण तसंच, बऱ्याच सुरम्यात शिशाचीच पूड असते, त्या मानानं घरी वातीवर धरलेलं काजळ बरं, पण पोराच्या डोळ्यात ते पण नकोच. तुम्हाला काही झालं नाही म्हणता, बीपीची गोळी चालू आहे काय तेवढं कळवा.

संधिवातासाठी एकांकडून पुड्या घेते, वर्ष झालं. गुण चांगला आला, पण आता पोटात कळा येतात, संडासला खडा होतो, रक्त कमी झालंय. पुडीवर नाव-गाव काही नाही. – चिकोडी

पोटात कळा, बद्धकोष्ठ आणि रक्त कमी, हे तिन्ही एकत्र आलं की शिशाची आठवण यायलाच पाहिजे. ताई, पुडी घेऊन उद्याच फिजिशियनकडं जा आणि ब्लड लेड करून घ्या. आज जाता आलं तर उद्याची पण वाट बघू नका, कारण दुसरी एक शंका आहे. निनावी पुडीनं संधिवाताला झटपट गुण येतो तेव्हा तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, वर्षभर घेतलेलं स्टिरॉइड स्वतःच्या मनानं एका दिवसात तोडलं तर माणूस कोसळू शकतो. पुडी थांबवायचीच आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली.

हे आयुर्वेदाविरुद्ध लिहिलंय असं वाटून चार वैद्य मित्र रुसतील म्हणून स्पष्ट करतो. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांच्या शाखेत, नागभस्म म्हणजे शिसं, पारद म्हणजे पारा हे उघड आहे, लपवलेलं नाही, शोधन-मारण म्हणजे शुद्ध करून, भाजून भस्म केल्यावर ते निर्धोक होतं असं शास्त्र मानतं. ते दर वेळी तसं होतंच असं तपासणीत दिसत नाही, ही माझी तक्रार. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी अमेरिकेत २००८ साली छापून आली, त्यात पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आपल्या औषध कायद्यात पण विषारी घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधांची वेगळी यादी आहे आणि ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्या असं लेबलवर छापायचा नियम आहे. तुमच्या पुडीला लेबलच नाही, मग नियम लावणार कशाला? साध्या काढ्या-चूर्णाच्या औषधांत ही भानगड त्या मानानं कमी असते.

सुट्टी हळद घेऊ की पाकिटातली? खूप पिवळीजर्द दिसते ती भेसळीची म्हणतात. – रायबाग

पिवळाजर्द रंग यायला हळकुंडावर लेड क्रोमेट चोळतात, त्यात शिसं आणि क्रोमियम दोन्ही आलं. बांगलादेशात हा प्रकार फार माजला होता, २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यात सापडलं, सरकारनं पेपरात बातम्या दिल्या, बाजारात जाऊन धाडी घातल्या, दंड केला, आणि २०२१ ला नमुन्यात एक पण सापडेना. म्हणजे मनात आणलं तर दोन वर्षांत होतं. तुमच्याकडं तर रानातच हळद पिकते, ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची हळकुंडं घ्या, जरा मळकट दिसली तरी घ्या, आणि गिरणीत समोर उभं राहून दळून आणा. लखलखीत गुळगुळीत हळकुंड दिसलं की पुढच्या दुकानात जा.

तांब्याच्या घागरीतलं पाणी रोज पिऊन तांबं अंगात साचतं काय? आणि पितळी भांड्याला कल्हई करणारा परत येऊ लागलाय, करून घेऊ काय? – शहापूर

साधं पाणी रात्रभर तांब्यात ठेवलं तर निरोगी माणसाला काही होत नाही, जास्तीचं तांबं लिव्हर पित्तावाटे काढून टाकतं. विल्सन नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात ते निघत नाही, त्या पेशंटनी तांब्याच्या भांड्याला लांबूनच नमस्कार करायचा. लिंबूपाणी, ताक, सोलकढी तांब्या-पितळेत ठेवायची नाही हे तुमच्या आईनं सांगितलेलं असणारच, कळकलेल्या ताकानं उलट्या होतात त्या तांब्यानंच. कल्हई जरूर करून घ्या, फक्त कथील चांगलं आहे काय ते विचारा. स्वस्तात पडतं म्हणून कथलात शिसं मिसळणारे असतात, शिसं मऊ आणि मळकट राखाडी, तर निव्वळ कथलाची कल्हई चांदीसारखी पांढरी चमकते. नुसत्या डोळ्यांवर फार विसंबू नका, ओळखीचा कल्हईवाला असेल त्यालाच द्या. आणि त्या भांड्यात आंबट वरण शिजवायचं असेल तर कल्हई उडून पितळ दिसायला लागलं की थांबा, परत करून घेतल्याशिवाय चुलीवर चढवू नका.